वाचकांचे प्रश्न : यंत्रांच्या देखभालीचे वेळापत्रक आणि सर्वांनी मिळून लिहायची पाने

गेल्या दोन महिन्यांत ठाणे-बेलापूर पट्ट्यातून आणि ठाणे शहरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती, म्हणून या वेळी स्तंभाची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत. उत्तरे मात्र विषयाची गरज असेल तिथे लांबली आहेत.

प्रश्न : रबाळे येथे आमचा सुट्या भागांच्या मशिनिंगचा कारखाना आहे. लहानमोठी ३८ यंत्रे, दोन फिटर आणि एक वायरमन. प्रतिबंधात्मक देखभालीचे वेळापत्रक एक्सेलमध्ये आहे. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला अर्धा तक्ता लाल होतो आणि मग तिकडे कोणीच बघत नाही. देखभाल नियोजनाचे सॉफ्टवेअर घ्यावे असा सल्ला मिळतो आहे. कोणते घ्यावे? त्याने हा प्रश्न सुटेल का?
— एक लघुउद्योजक, रबाळे

उत्तर : तक्ता लाल का होतो हे आधी पाहू, कारण तेच कारण सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे उतरले तर पैसे खर्च करूनही पडदा लालच राहील. प्रत्येक यंत्राच्या मासिक तपासणीला सरासरी दीड तास धरला, तर ३८ यंत्रांचे ५७ तास होतात. दोन फिटर, आठ तासांची पाळी आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर आपल्या हाताशी ४१६ तास आहेत, म्हणजे काम मुळात जास्त नाही. परंतु सगळ्या तपासण्यांची तारीख एकच, महिन्याची पहिली, ठेवल्यामुळे त्या दिवशीच्या १६ तासांवर ५७ तासांचे काम येऊन पडते, आणि नेमके त्याच दिवशी एखादे यंत्र बंद पडले की ठरलेले काहीच होत नाही. एकदा मागे पडलेला फिटर लाल रंगाकडे पाहणे सोडून देतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. तेव्हा पहिले काम सॉफ्टवेअरशिवाय, याच आठवड्यात करता येईल : यंत्रे महिन्याच्या दिवसांवर वाटून टाका, रोज एक किंवा दोन, आणि उत्पादन विभागाला ती तारीख आधीच्या शनिवारी कळवा.

दुसरे काम यादीचे. आपण ३८ यंत्रे लिहिली आहेत, पण त्यात कॉम्प्रेसर, हॉइस्ट, जनरेटर, पाण्याचे पंप, विजेचे पॅनेल आणि अग्निशामक सिलिंडर धरले आहेत का? बहुतेक कारखान्यांत यादी उत्पादनाच्या यंत्रांपाशी थांबते, आणि ज्याच्यावाचून सगळीच यंत्रे थांबतात तो कॉम्प्रेसर यादीबाहेर राहतो. प्रत्येक वस्तूला एक कायमचा क्रमांक द्या आणि त्या क्रमांकात जागेचा उल्लेख करू नका. ‘शेड दोन, यंत्र सात’ असा क्रमांक दिला आणि ते यंत्र उद्या शेड एकमध्ये हलवले, की क्रमांक तरी खोटा ठरतो किंवा यंत्राचा सगळा जुना इतिहास तरी तुटतो. जागा ही वेगळ्या रकान्यात लिहायची गोष्ट आहे.

आता वेळापत्रकाचा गाभा. प्रत्येक कामाला ‘किती दिवसांनी’ एवढेच विचारून चालत नाही, तर दिवस कशापासून मोजायचे हेही ठरवावे लागते. समजा, कॉम्प्रेसरचे एक काम दर ९० दिवसांनी करायचे आहे. ते १ एप्रिलला होणार होते, ते प्रत्यक्षात २० एप्रिलला झाले. वेळापत्रक ठरलेल्या तारखेला बांधलेले असेल तर पुढची तारीख ३० जून येते, म्हणजे केवळ ७१ दिवसांनी. काम पूर्ण झाल्याच्या दिवसापासून मोजले तर १९ जुलै येते. झीज, तेल, फिल्टर यांसारख्या कामांना दुसरी पद्धत योग्य, कारण फिल्टर बदलला त्या दिवसापासूनच त्याचे आयुष्य सुरू होते. कायद्याने ठरवलेल्या तपासण्यांना मात्र पहिलीच पद्धत हवी. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने लिफ्ट आणि हॉइस्टची दर सहा महिन्यांनी, तर क्रेन, साखळ्या, दोर यांसारख्या उचल साधनांची दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून (अशा तपासणीसाठी शासनमान्य तज्ज्ञाकडून) तपासणी करण्याचे बंधन घातले होते. आता कामगारविषयक कायद्यांची जागा नव्या संहिता घेत असल्याने आपल्या साधनांना आज लागू असलेली मुदत त्याच सक्षम व्यक्तीकडून लेखी घ्यावी आणि ती तारीख वेळापत्रकात कोणालाही पुढे ढकलता येणार नाही अशी ठेवावी. बाजारातील बरीच सॉफ्टवेअर या दोन पद्धती वेगळ्या करतात, पण विकत घेताना कोणी विचारत नाही आणि मग सगळ्याच कामांना एकच पद्धत लागते. विक्रेत्याला हा प्रश्न सर्वप्रथम विचारा.

तिसरी मोजपट्टी चालू तासांची. दोन पाळ्यांत, महिन्याला २६ दिवस चालणारा कॉम्प्रेसर ४१६ तास भरतो आणि २,००० तासांचे काम त्याला पाच महिन्यांच्या आतच लागते. तोच एका पाळीत चालला तर त्याच कामाला साडेनऊ महिने लागतात. दिवाळीच्या सुट्टीत आणि मागणी थंडावल्यावर हा हिशेब आणखी बदलतो. ज्या यंत्रांना तासांचा मीटर आहे त्यांचे वाचन आठवड्यातून एकदा नोंदवा. याउलट पावसाळ्याची कामे तासांवर किंवा दिवसांच्या अंतरावर सोडूच नका. खाडीकाठची खारी, दमट हवा पॅनेलमधील टर्मिनल आणि संपर्क गंजवते, हे रबाळ्यात राहून आपल्याला मी सांगायला नको. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. तेव्हा पॅनेलच्या दारांचे रबर, केबल शिरण्याच्या जागांवरील ग्लँड, पॅनेलमधील हीटर आणि पत्र्यांच्या गळत्या यांची तारीख दरवर्षी १५ मे अशी पक्की ठेवावी.

चौथी गोष्ट थोडी कडू वाटेल : आपल्या यादीतील काही कामे काढून टाकावी लागतील. १९७८ साली अमेरिकेत स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी विमानांच्या देखभालीवर जो अहवाल लिहिला, त्यात असे दिसले की अभ्यासलेल्या भागांपैकी ८९ टक्के भागांच्या बाबतीत वयाची मर्यादा घालून ते बदलण्याचा किंवा उघडून दुरुस्त करण्याचा लाभ नव्हता. उलट ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळातच अधिक होती. विमानाचे आकडे लेथला जसेच्या तसे लावू नयेत, पण त्यामागचे कारण सगळीकडे सारखे आहे : चांगले चालणारे यंत्र उघडले की धूळ आत जाते, सील दुमडते, बोल्ट कमीजास्त आवळला जातो. म्हणून जिथे आवाज, तापमान, कंपन, तेलाचा रंग किंवा गळती पाहून स्थिती कळते, तिथे ‘उघडून पाहा’ऐवजी ‘न उघडता पाहा’ असे काम लिहा. ५७ तासांतील बराच भाग इथेच वाचेल आणि यंत्रेही कमी बिघडतील.

पाचवे, बिघाडाची नोंद. ‘यंत्र बंद, दुरुस्त केले’ या नोंदीचा काही उपयोग नाही. प्रत्येक ब्रेकडाउनला तीन वेळांची नोंद घ्या : यंत्र कधी थांबले, फिटर कधी पोहोचला आणि उत्पादन पुन्हा कधी सुरू झाले. शिवाय, त्यातला किती वेळ स्पेअरची वाट पाहण्यात गेला तेही लिहा. मी या पट्ट्यातील एका कारखान्यात काम करत असताना दुरुस्तीला फार वेळ लागतो अशी फिटरविरुद्ध तक्रार होती. सहा महिने या पद्धतीने नोंद ठेवल्यावर दिसले की हातात हत्यार असलेला वेळ थोडा होता, बाकीचा सगळा वेळ एका ठरावीक मापाच्या ऑइल सीलची वाट पाहण्यात जात होता. आम्ही ते सील स्टोअरमध्ये ठेवायला सुरुवात केली. बिघाडाच्या कारणांची यादी दहा-बारांपेक्षा मोठी करू नका. लांब यादी दिली की प्रत्येक जण ‘इतर’ निवडतो.

हे सगळे तीन महिने कागदावर किंवा एक्सेलवर चालले, की मग सॉफ्टवेअर घ्या. आपल्या आकाराच्या कारखान्याने मुंबईतच घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या उद्योग-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचा विचार जरूर करावा. ते मुक्त स्रोत आहे, त्यात मालमत्तेची नोंद, देखभालीचे वेळापत्रक आणि दुरुस्तीची नोंद या सोयी आहेत, आणि स्टोअरचा साठा त्याच प्रणालीत असल्यामुळे दुरुस्तीला लागलेला भाग आपोआप साठ्यातून वजा करता येतो. कोणतेही निवडले तरी दोन अटींवर अडून बसा : आपली सगळी माहिती साध्या तक्त्याच्या रूपात केव्हाही बाहेर काढता आली पाहिजे, आणि दर माणशी शुल्क असेल तर दोन्ही फिटर आणि वायरमन यांना स्वतंत्र प्रवेश परवडला पाहिजे. फिटरने केलेले काम संध्याकाळी ऑफिसमधल्या दुसऱ्या कोणी भरायचे, अशी व्यवस्था झाली की नोंद अंदाजाने भरली जाते. आणि वेळापत्रक बदलण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. तारीख पुढे ढकलायची असेल तर त्याला कारण लिहावे लागेल असे करा.

प्रश्न : महापे येथील आमच्या कंपनीत दीड वर्षापूर्वी मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर) अंतर्गत संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्तीच्या पद्धती, सेटिंग, स्पेअरचे क्रमांक सर्वांनी मिळून लिहावेत अशी कल्पना होती. आता दोनशे पाने आहेत. गेल्या महिन्यात हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या (यंत्राला दाबाखालचे तेल पुरवणाऱ्या यंत्रणेच्या) पानावर कोणीतरी तेलाचा ग्रेड ६८ च्या जागी ४६ केला आणि दुसऱ्या पाळीने तेच तेल भरले. व्यवस्थापन म्हणते, संपादन फक्त दोघांकडे ठेवा. मला ते पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.
— देखभाल अभियंता, महापे

उत्तर : आपल्या पत्रातील ‘कोणीतरी’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. मीडियाविकी प्रत्येक पानाचा पूर्ण इतिहास ठेवते. कोणता शब्द कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता बदलला हे दोन मिनिटांत दिसते आणि एका टिचकीत तो बदल उलटवता येतो. तरीही आपल्याला ‘कोणीतरी’ लिहावे लागले, याचा अर्थ बहुधा एकच : पाळीसाठी एक सामाईक खाते आहे आणि त्याचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे. ते खाते आजच बंद करा आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या नावाचे खाते द्या. नाव दिसते म्हणून माणसे लिहायला घाबरतील असे व्यवस्थापनाला वाटेल, पण माझा अनुभव उलटा आहे. आपले नाव पानाच्या इतिहासात राहते हे कळल्यावर माणूस अधिक जपून आणि अधिक आवडीने लिहितो.

बदल करणारा सापडला की त्याला दोष देण्याआधी कारण विचारा. ४६ आणि ६८ हे आकडे ४० अंश सेल्सिअसला तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, सेंटिस्टोक या एककात किती ते सांगतात, आणि दोन्ही ग्रेड हायड्रॉलिकमध्ये सर्रास वापरले जातात. कदाचित त्याने दुसऱ्या पॉवर पॅकची पाटी वाचली असेल आणि त्या यंत्राला ४६ च योग्य असेल. तसे असेल तर चूक माणसाची नाही, दोन यंत्रांना एकच पान दिल्याची आहे, आणि संपादन दोघांकडे ठेवून ती सुधारणार नाही. कागदाच्या फाइलमध्ये हीच चूक वर्षानुवर्षे दडून राहिली असती. ती महिन्याभरात उघडी पडली, हे मी या पद्धतीचे बलस्थान मानतो.

संपादन दोघांकडे ठेवण्याला माझा विरोध यासाठी आहे की त्या दोघांना यंत्राजवळचे कळत नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच संपादता येणारे संकेतस्थळ, सुरू केली तेव्हा होनोलुलू विमानतळावरील ‘विकी विकी’ बसवरून, म्हणजे हवाई भाषेतील ‘झटपट’ या अर्थाच्या शब्दावरून, तिला नाव दिले. ज्याला दिसले त्याने तिथल्या तिथे लिहावे, हा तिचा प्राण आहे. फिटरने पाहिलेली गोष्ट त्याने पर्यवेक्षकाला सांगायची, पर्यवेक्षकाने मेल करायचा आणि त्या दोघांपैकी एकाने सवडीने पान सुधारायचे, असे झाले की चार महिन्यांत पाने शिळी होतात आणि लोक पुन्हा खिशातल्या डायरीकडे वळतात.

तेव्हा सगळे कुलूपबंद करण्याऐवजी मजकुराचे प्रकार वेगळे करा. ज्या आकड्यामुळे यंत्र किंवा माणूस धोक्यात येतो, म्हणजे तेलाचा ग्रेड, बोल्टचा टॉर्क, रिलीफ व्हॉल्व्हचा दाब, फ्यूजचे मूल्य, असे आकडे प्रत्येक यंत्रासाठी एका छोट्या पानावर, मराठी विकिपीडियावर ज्याला ‘साचा’ म्हणतात त्या स्वरूपात ठेवा. हे पान सुरक्षित करून त्यात बदल करण्याचा अधिकार दोन-तीन जबाबदार व्यक्तींना द्या. बाकीच्या पानांवर तो आकडा पुन्हा टाइप करू नका. साचा जोडला की तोच आकडा सगळीकडे दिसतो आणि एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. दुरुस्तीची पद्धत, क्लृप्त्या, छायाचित्रे, ‘या नटाला लांब पाना लागतो’ अशा सूचना असलेली पाने सर्वांना मोकळी राहू द्या. आणि शंका असेल ती प्रत्येक पानाला जोडलेल्या चर्चा पानावर. सुरक्षित आकडा चुकीचा वाटला तर कोणत्याही फिटरला चर्चा पानावर तसे लिहिता आले पाहिजे आणि त्याला दोन दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. तसे झाले नाही तर पहिल्या महिन्यातच तो लिहिणे सोडून देईल. याहून कडक व्यवस्था हवी असेल तर ‘अप्रूव्हड रेव्ह्ज’ नावाचा विस्तार बसवता येतो. त्यात संपादन सर्वांना खुले राहते, पण वाचणाऱ्याला शेवटची मंजूर आवृत्ती दिसते.

देखरेखीचे काम मोठे नाही, नियमित मात्र हवे. प्रत्येक पानाला एक पालक नेमा. त्याने ते पान आपल्या निरीक्षणसूचीत (लक्ष ठेवायच्या पानांच्या यादीत) ठेवावे आणि सकाळी चहाच्या आधी ‘अलीकडील बदल’ पाहावेत. बदल करताना ‘बदलांचा आढावा’ हा रकाना रिकामा सोडायचा नाही अशी शिस्त लावा. ‘नवी पाटी पाहून’ हे तीन शब्दही पुरतात. दोनशे पाने आहेत, तेव्हा आठवड्याला चार पाने यंत्रासमोर उभे राहून वाचली तर वर्षभरात सगळी पाने एकदा तपासून होतात. कोणती आधी घ्यायची हे शोधायला मीडियाविकीमध्ये सर्वाधिक काळ न बदललेल्या पानांची आयती यादी मिळते.

या पानांवर ‘पुढील तपासणी अमुक तारखेला’ असे कोठेही लिहू देऊ नका. वरच्या उत्तरात सांगितले तसे वेळापत्रक एका माणसाच्या हाती असते आणि विकी सर्वांच्या. तारीख दोन्हीकडे लिहिली की आठ दिवसांत दोन तारखा होतात आणि त्यांतली खरी कोणती हे सांगायला कोणी नसते. केव्हा करायचे ते नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, कसे करायचे ते विकीमध्ये, आणि दोन्हीकडे यंत्राचा क्रमांक तोच. वर्क ऑर्डरवर विकीच्या पानाचा दुवा द्यावा आणि यंत्राच्या पाटीवर त्याच पानाचा क्यूआर कोड लावावा. हा कोड १९९४ साली जपानमधील डेन्सो उद्योगात मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठीच जन्मला, त्यामुळे कारखान्यात तो आपल्या घरीच परततो आहे. पानाचे शीर्षक यंत्राच्या नावावर न ठेवता क्रमांकावर ठेवा, म्हणजे नाव बदलले तरी पाटी बदलावी लागणार नाही. पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क पोहोचत नसेल तर छापील प्रत लॅमिनेट करून लावा, पण तिच्यावर छपाईची तारीख मोठ्या अक्षरांत हवी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी राहिल्या. मीडियाविकी ही मुळात सर्वांनी वाचावे अशा कल्पनेवर घडलेली आहे, काही पाने काहींपासून लपवण्यासाठी नाही. म्हणून पीएलसीचे (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाचे) पासवर्ड, खरेदीचे दर, करार यांना तिथे जागा देऊ नका. पानागणिक वाचनाचे अधिकार वेगळे ठेवणे अपरिहार्यच असेल तर डोकुविकी ही दुसरी विकी प्रणाली पाहा. तीत ती सोय आहे आणि मजकूर साध्या फाइलींत राहत असल्याने वेगळा डेटाबेसही लागत नाही. दुसरे, बॅकअप. मीडियाविकीचा मजकूर डेटाबेसमध्ये आणि चढवलेली छायाचित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. अनेक जण पहिल्याचीच प्रत घेतात. दोन्हींची प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवा आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते का, हे प्रत्यक्ष करून पाहा.

प्रश्न : आमच्याकडे काही जण ‘बेअरिंग’ लिहितात, काही ‘बेरिंग’. शोधल्यावर अर्धीच पाने मिळतात. शिवाय जुन्या मराठी सूचनापत्रकांचा मजकूर चिकटवला की भलतीच अक्षरे उमटतात. इंग्रजीतच लिहावे का?
— ऐरोली

उत्तर : फिटर ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत लिहावे. एक लेखन ठरवा आणि दुसऱ्या लेखनाच्या नावाने पुनर्निर्देशनाचे पान करा. ‘बेरिंग’ शोधणाराही मग ‘बेअरिंग’च्या पानावर पोहोचतो. ‘फॅनबेल्ट’, ‘पट्टा’, ‘व्ही-बेल्ट’ अशा बोलीतल्या नावांनाही हीच सोय करावी. जुनी पत्रके युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर एकसारखी अक्षरे उमटवणारी प्रमाण पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेली असावीत. त्यांचा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा, आणि नंतर एकाने मूळ कागद हातात धरून आकडे व जोडाक्षरे तपासावीत.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत चार इमारती, आठ लिफ्ट, पंप, जनरेटर, सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा आहे. सोसायटीचे संकेतस्थळ सगळे समिती सदस्य मिळून भरतात. नवी समिती आली तेव्हा कळले की जुन्या सचिवांच्या खासगी ईमेलवरच सगळे नोंदवलेले आहे, आणि लिफ्टच्या कराराची मुदत कोणालाच ठाऊक नव्हती.
— समिती सदस्या, ठाणे (प.)

उत्तर : जुन्या सचिवांशी गोडीने बोलून सर्वांत आधी डोमेन नावाची (संकेतस्थळाच्या पत्त्याची) नोंदणी सोसायटीच्या नावावर आणि सोसायटीच्या स्वतःच्या ईमेलवर करून घ्या, बाकी सगळे नंतर दुरुस्त करता येते, डोमेन एकदा मुदत संपून दुसऱ्याकडे गेले की परत मिळणे अवघड होते. त्यांनी ते स्वतःच्या ईमेलवर घेतले ते त्या वेळी दुसरे कोणी पुढे आले नाही म्हणून, हे लक्षात ठेवून बोलावे. प्रशासकाचे अधिकार किमान दोन पदांकडे असावेत, आणि समिती बदलते त्या सभेच्या इतिवृत्तात कार्यालयाच्या किल्ल्यांप्रमाणे खात्यांच्या हस्तांतराचीही नोंद व्हावी. पद सोडलेल्या सदस्याचे खाते काढून टाकू नका, त्याचा फक्त प्रवेश थांबवा, म्हणजे त्याने लिहिलेल्या मजकुरावरील नाव कायम राहते.

यंत्रांसाठी महागडे सॉफ्टवेअर घेण्याची आपल्याला गरज नाही. एक तक्ता पुरेल : यंत्र, क्रमांक, करार कोणाशी, मुदत कधी संपते, पुढचे काम कधी, आणि समितीतील जबाबदार सदस्य कोण. करार संपण्याच्या ६० दिवस आधीची तारीख वेगळ्या रकान्यात लिहा, कारण तीन निविदा मागवून सभेत मंजुरी घ्यायला तेवढे दिवस लागतातच. अग्निसुरक्षेची तारीख तर कायद्यानेच दिलेली आहे : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली परवानाधारक अभिकरणाकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करावे लागते. त्यामुळे पंप चालवून पाहणे, होज आणि स्प्रिंकलर तपासणे ही कामे डिसेंबर आणि जूनमध्येच लावा. जुलैत दोष सापडला तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. लिफ्टची तपासणी झाल्यावर तंत्रज्ञाच्या अहवालाचे छायाचित्र त्याच दिवशी संकेतस्थळावर चढवावे. आठव्या मजल्यावरच्या आजीबाईंना लिफ्ट कधी तपासली हे विचारायला कार्यालयात यावे लागू नये.

प्रश्न : तुर्भे येथील आमच्या कारखान्यातले सर्वांत जुने फिटर मामा येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. दोन जुन्या प्रेस त्यांच्याशिवाय कोणाला उमगत नाहीत. त्यांना संकेतस्थळावर लिहायला सांगितले, ते म्हणाले, “मला नाही ते जमायचं.” काय करावे?
— प्रशिक्षणार्थी अभियंता, तुर्भे

उत्तर : त्यांना लिहायला सांगू नका, आपण लिहा. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ‘संस्थेचे ज्ञान’ राखण्यासाठी ७.१.६ हे स्वतंत्र कलम आहे, तेव्हा या कामासाठी आठवड्याचे दोन तास मागायला आपल्याकडे सबळ आधार आहे. ते तास मामांच्या पाळीतले असावेत, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीतले नसावेत.

बसून मुलाखत घेऊ नका, कारण खुर्चीवर बसलेल्या कारागिराला हातातले ज्ञान आठवत नाही. प्रेससमोर उभे राहा, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवा आणि त्यांना नेहमीचे काम करू द्या. ‘प्रेस कशी दुरुस्त करायची’ असे विचारल्यास उत्तर मिळणार नाही; ‘हा आवाज आला तर तुम्ही आधी कुठे हात लावता’, ‘हा बोल्ट शेवटी का आवळलात’, ‘पावसाळ्यात क्लचचे काय होते’ असे विचारा. एखादा हात मधेच थांबला, त्यांनी कान पुढे केला, तर तिथे नक्की प्रश्न विचारा, कारण त्यांना सवयीचे झालेले आणि म्हणून त्यांच्या तोंडी कधीच न येणारे ज्ञान तिथेच असते. फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी बोलून टंकन करण्याची सोय आहे. कारखान्याच्या गोंगाटात ती चुकते, त्यामुळे घरी शांतपणे ऐकून आपण स्वतःच्या आवाजात ते वाक्य पुन्हा बोलून टंकित करा. त्यांचे शब्द बदलू नका. ते ‘दणका बसतो’ म्हणत असतील तर पानावर ‘दणका बसतो’ असेच लिहा. रात्रपाळीचा फिटर तेच शब्द शोधणार आहे.

पान तयार झाल्यावर ते त्यांना प्रेसजवळ वाचून दाखवा आणि ते चुका सांगतील त्या तिथल्या तिथे सुधारा. बदलांच्या आढाव्यात प्रत्येक वेळी ‘मामांनी सांगितल्याप्रमाणे’ असे लिहा. मग फेब्रुवारीत एक दिवस ठरवून, ज्याने ती प्रेस कधी उघडलेली नाही अशा फिटरला फक्त ते पान देऊन काम करू द्या. मामांना शेजारी स्टुलावर बसवा आणि तो जिथे अडेल तिथेच तोंड उघडायची विनंती करा. तो जिथे जिथे अडेल ती प्रत्येक जागा टिपून घ्या. पानात अजून काय लिहायचे राहिले आहे, ते तिथे कळेल, आणि ते भरून काढायला मार्चपर्यंत वेळ असेल.